४३ फूट म्हणजे किती?

जुलै उजाडला, घाटमाथ्यावर पावसाने धार धरली, की कोल्हापुरात एक मजकूर रोज वाचला जातो. वर्तमानपत्रात तो पहिल्या पानावर चौकटीत असतो, रेडिओवर ऐकू येतो, आणि अलीकडे तर दर दोन-तीन तासांनी मोबाइलवर येऊन पडतो. चहाच्या गाड्यावर एकजण तो मोठ्याने वाचतो आणि बाकीचे कान देऊन ऐकतात. या मजकुराला लेखकाचे नाव नसते आणि पूर ओसरला की तो कोणी जपूनही ठेवत नाही. पाठ्यपुस्तकांची, विज्ञानकथांची, अनुवादांची परीक्षणे आपण करतो. या पाच-सहा ओळींचे मात्र कोणी करत नाही. वास्तविक, वैज्ञानिक माहितीचा इतक्या लोकांनी इतक्या काळजीने वाचलेला दुसरा मजकूर आमच्या जिल्ह्यात नसेल. म्हणून यंदा त्याचेच परीक्षण करायचे ठरवले.

मजकुराचा साचा साधारण असा : राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पाणी पातळी ४१ फूट ६ इंच. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. जिल्ह्यातील अमुक इतके बंधारे पाण्याखाली. राधानगरी धरणाचे दोन स्वयंचलित दरवाजे उघडले, त्यातून २८५६ क्युसेक विसर्ग. पुढील चोवीस तासांत जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मुसळधार ते अतिमुसळधार पावसाची शक्यता. नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.

यात खोटे काही नाही. कोणीतरी रात्री-अपरात्री भर पावसात पट्टीवरचा आकडा वाचून तो कळवतो, तेव्हा ही पहिली ओळ तयार होते, आणि त्या माणसाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्याचे दोन अर्थ होतात. एक लिहिणाऱ्याच्या मनातला, दुसरा वाचणाऱ्याच्या. दोघांनाही आपापला अर्थ इतका उघड वाटतो की कोणी कोणाला विचारत नाही.

नववीच्या वर्गात मी एकदा प्रश्न टाकला, "४३ फूट म्हणजे नेमके कुठे किती पाणी?" एक म्हणाला, नदी ४३ फूट खोल झाली. दुसरी म्हणाली, नेहमीच्या पाण्यापेक्षा ४३ फूट वर. तिसऱ्याला वाटले, घाटाच्या शेवटच्या पायरीपासून मोजत असतील. नदीकडच्या गल्लीत राहणारा एक मुलगा मागच्या बाकावरून म्हणाला, "सर, ४३ म्हणजे आमचं सामान माळ्यावर गेलेलं असतंय." चार उत्तरांत हे एकच उत्तर वापरण्याजोगे होते, पण तेही त्याच्या गल्लीपुरतेच.

खरा अर्थ असा. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची उंची मोजण्याची पट्टी आहे. तिच्या शून्यापासून पाण्याचा पृष्ठभाग किती वर आहे, तो हा आकडा. शून्य कुठे धरायचा हे माणसाने ठरवलेले असते. जसा सेल्सिअसच्या तापमापकाचा शून्य बर्फाच्या वितळण्याला धरला तसा. त्यामुळे ४० फूट म्हणजे २० फुटांच्या दुप्पट पाणी, असे म्हणता येत नाही. आपल्या अंगणातल्या पाण्याशी तर या आकड्याचा थेट संबंध काहीच नाही. कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची पूर्ण भरलेली पातळी ५१९.६० मीटर आहे. ही उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली असते. हा आकडा ऐकून धरण पाचशे मीटर खोल आहे असे कोणाला वाटत नाही. आकडाच इतका मोठा की, 'हे मोजमाप काहीतरी वेगळे असणार' असे माणूस समजून चालतो. ४३ फूट मात्र घराच्या मापाचा आकडा आहे. चार मजली इमारत डोळ्यांसमोर उभी राहते. आकडा ओळखीचा वाटतो आणि तिथेच घोटाळा होतो.

त्या आकड्याशेजारी 'धोका' हा शब्द येऊन बसला की घोटाळा दुणावतो. धोका पातळी ही त्या एका ठिकाणच्या पट्टीवर, प्रशासनाने आपल्या कामाच्या सोयीसाठी मारलेली रेघ आहे. तिथे पोचल्यावर कोणती यंत्रणा कामाला लावायची हे ठरलेले असते. नदीचा पृष्ठभाग हौदातल्या पाण्यासारखा सपाट नसतो. वर प्रयाग चिखलीला, खाली शिरोळकडे, प्रत्येक गावाची पातळी वेगळी आणि प्रत्येक गावाची जमीनही वेगळी. शहरातल्या सखल गल्ल्यांतली माणसे ४३ च्या आधीच घराबाहेर पडलेली असतात, आणि राजारामपुरीच्या चढावर राहणाऱ्याला ५० फुटांनाही पायताण भिजवावे लागत नाही. पण 'पाणी अजून धोका पातळीच्या खाली' हे वाक्य मराठी कानाला 'अजून धोका नाही' असेच ऐकू येते. आपण शिक्षक मंडळी ३५ गुणांना पास आणि ३४ ला नापास करतो. त्या दोघांत फारसा फरक नसतो हे आपल्याला ठाऊक असते, पालकांना मात्र दोन वेगवेगळ्या जातींची मुले दिसतात. रेघ मारणाऱ्याला रेघेचा कच्चेपणा माहीत असतो, वाचणाऱ्याला नसतो.

इथे एक बारीकशी, पण आपल्या विषयाची गोष्ट सांगितलीच पाहिजे. ४३ फूट ६ इंच हे बातमीत पुष्कळदा '४३.६ फूट' असे छापले जाते. मुलांना आपण पाचवी-सहावीपासून दशांश चिन्ह शिकवतो. त्या हिशेबाने ४३.६ फूट म्हणजे ४३ फूट आणि सात इंचांहून थोडे जास्त. एवढा फरक चालून जाईल. पण पाणी आणखी चढले आणि ४३ फूट १० इंच झाले, की तेच '४३.१०' असे लिहिले जाते. आता सकाळी ४३.९ आणि दुपारी ४३.१० असे आकडे वाचणारा मुलगा काय समजेल? दशांश अपूर्णांक नीट शिकलेला असेल तर पाणी उतरले असेच समजेल. आजोबांना मात्र एक इंच चढले हे बरोबर कळते, कारण त्यांनी फूट-इंच वापरले आहेत आणि दशांशाकडे ते बघतच नाहीत. गणितात हुशार असलेला चुकतो आणि कच्चा असलेला बरोबर ठरतो, अशी उदाहरणे आपल्याला सहसा मिळत नाहीत. टिंबाऐवजी 'फूट' आणि 'इंच' हे दोन शब्द लिहायला कितीशी शाई लागते?

विज्ञान लोकांपर्यंत न्यायचे तर सोप्या भाषेत लिहा, असे आपण एकमेकांना सांगत आलो आहोत. मीही सांगितले आहे. पण हे पुराचे निवेदन पुन्हा पुन्हा वाचताना माझ्या लक्षात आले की अवघड शब्दांनी इथे कोणाची फसगत केलेली नाही. 'क्युसेक' पाहा. बहुतेकांना तो कळत नाही, आणि कळत नाही हे त्यांना कळते. म्हणून ते विचारतात, किंवा सोडून देतात. (सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर. राधानगरीच्या एका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला चाळीस हजार लिटर; दहा हजार लिटरचे चार टँकर एका सेकंदात. अशा विसर्गाने धरणातून एक टीएमसी पाणी जायला आठ दिवस लागतात. हा हिशेब मुलांकडून करून घ्यावा, त्यांना आवडतो.) 'विसर्ग' हाही तसाच. आमच्या वर्गातल्या एका मुलीला 'विसर्ग वाढवला' हे ऐकून 'दुःख'मधली दोन टिंबे आठवली आणि ती हसत सुटली. त्या हसण्यातून शब्दाचा अर्थ वर्गाला कायमचा समजला. फसवतात ते 'धोका', 'इशारा', 'शक्यता', 'उघडले', 'स्थिर' असे स्वयंपाकघरात रोज वापरले जाणारे शब्द. शास्त्राने किंवा खात्याने त्यांना एक मोजका अर्थ दिलेला असतो, पण ते येताना आपला घरगुती अर्थ सोबत घेऊन येतात.

'अमुक बंधारे पाण्याखाली' हे वाक्य परगावच्या माणसाने वाचले तर त्याच्या पोटात गोळा येतो. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचे फोन येतात, "अहो, तुमच्याकडचे इतके बंधारे बुडाले म्हणे!" आमच्याकडचे लोक शांत असतात, कारण हे बंधारे बुडण्यासाठीच बांधलेले असतात. राज्यभर 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणून ओळखली जाणारी रचना अशी की नदीपात्रात दगडी खांब, खांबांना खाचा, आणि खाचांत बसवायचे बर्गे. पावसाळा संपता संपता बर्गे घालून पाणी अडवायचे, पुढच्या पावसाळ्याच्या आधी ते काढून घ्यायचे, म्हणजे पुराचे पाणी मधून आणि वरून निघून जाते. मग बातमीचा खरा अर्थ काय? बंधाऱ्यावरून जाणारा रस्ता बंद झाला, पलीकडच्या गावाला आता लांबच्या पुलावरून वळसा घालून जावे लागेल, दुधाच्या गाड्या आणि शाळेची मुले अडकतील. हे ज्याला कळायला हवे त्या गावाला कळते. पण निवेदनात तो रस्ता नसतो, बंधाऱ्यांची संख्या असते. आणि संख्या ही लांबून वाचणाऱ्याच्या कामाची.

'दरवाजे उघडले' यात तर दोष निवेदनाचा नाही, आपल्या मराठीचाच आहे. दोष म्हणण्यापेक्षा खोडी म्हणू. 'मी दरवाजा उघडला' आणि 'वाऱ्याने ढकलताच दरवाजा उघडला' या दोन्हींत क्रियापद तेच. कर्ता गाळला की कोणी उघडला की आपला आपण उघडला, हे वाक्य सांगत नाही. राजर्षी शाहूंनी काम हाती घेतलेल्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला आले की ते माणसाचा हात न लागता उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. म्हणजे 'राधानगरीचे दोन दरवाजे उघडले' ही घटना आहे, निर्णय नव्हे. दुसरीकडे, वक्र दरवाजे असलेल्या धरणाबद्दल तेच वाक्य आले तर तो अधिकाऱ्यांचा निर्णय असतो. छापील वाक्य मात्र अक्षरशः सारखे. मग चावडीवर वाद सुरू होतो : "ऐन पुरात धरणाचं दार उघडायला यांना सांगितलं कुणी?" सांगितलेले कोणीच नसते. ज्या निर्णयाबद्दल खरेच जाब विचारायला हवा तो निर्णयही याच वाक्याआड लपू शकतो. 'आपोआप उघडले' किंवा 'उघडण्यात आले' असा एक शब्द वाढवला तर हा वाद निम्म्याने कमी होईल. 'ध'चा 'मा' करायला एक अक्षर बदलावे लागले होते, असे आपण ऐकत आलो. इथे काहीच बदलावे लागत नाही.

आता पावसाची ओळ. 'तुरळक' हा शब्द हवामानशास्त्रात ठिकाणांना लागतो : त्या भागातल्या पर्जन्यमापन केंद्रांपैकी फार तर पाव भाग केंद्रांवर. आणि 'अतिमुसळधार' म्हणजे चोवीस तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर. दोन्ही शब्द मोजून-मापून ठरवलेले आहेत. पण मराठीत 'तुरळक पाऊस' म्हणजे चार थेंब. 'तुरळक ठिकाणी अतिमुसळधार' हे वाक्य ऐकणाऱ्याच्या कानात पहिला शब्द दुसऱ्याला विझवून टाकतो. 'अतिवृष्टी'ची तऱ्हा आणखी वेगळी. नुकसानीच्या पंचनाम्यासाठी महसूल खाते ज्या मंडलात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तिथे अतिवृष्टी झाली असे धरते. हवामान खात्याच्या वर्गवारीत तेवढा पाऊस नुसता 'मुसळधार'च्या उंबरठ्यावर असतो. शेतकऱ्याने कोणाचा शब्द धरायचा?

'कोल्हापूरला पाऊस' यातला 'कोल्हापूर' हा शब्दही अनेकार्थी आहे, हे बाहेरच्यांना पटकन पटत नाही. गगनबावड्याला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या शिरोळला पाचशेच्या आसपास. शिरोळचा माणूस आकाशाकडे बघतो, तर ऊन पडलेले. त्याच्या शेतात येणारे पाणी दोन दिवसांपूर्वी साठ-सत्तर किलोमीटरवर पडलेले असते. त्याला त्याच्या तालुक्यातला पाऊस सांगून उपयोग नाही. अलीकडे हवामान खाते कोल्हापूरचा घाटभाग वेगळा काढून इशारा देते, ही चांगली सुधारणा आहे. मात्र 'घाट' हा शब्द ऐकून शहरातल्या काहींना आधी पंचगंगा घाट आठवतो. त्याला कोण काय करणार!

राहिला 'शक्यता' हा शब्द. १९५१ साली अमेरिकेच्या गुप्तवार्ता यंत्रणेत शर्मन केंट यांच्या देखरेखीखाली एक अहवाल लिहिला गेला. युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची 'गंभीर शक्यता' आहे, असे त्यात होते. केंट यांच्या मनात शंभरात पासष्ट असा अंदाज होता. वाचणाऱ्या अधिकाऱ्याने तो बराच कमी समजला. केंट चपापले आणि त्यांनी अहवाल लिहिणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांनाच विचारले, की तुमच्या मनात किती होते? शंभरात वीसपासून ऐंशीपर्यंत उत्तरे आली. एका वाक्यावर सर्वांनी सह्या केल्या होत्या, पण प्रत्येकाने वेगळ्याच गोष्टीवर. आपल्या 'शक्यते'चीही हीच गत. 'पाऊस शक्य आहे' आणि 'पाऊस बहुधा येईल' या दोन्ही टोकांना हा शब्द ताणता येतो. दहावीच्या गणितात आपण 'संभाव्यता' शिकवतो, फासे टाकतो, पत्ते काढतो. शेजारच्याच पानावर कालच्या पेपरातली ही ओळ चिकटवायला काय हरकत आहे?

रंगांनी हा प्रश्न सुटेल असे वाटले होते. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. माझ्या वर्गात विचारले तर लाल इशाऱ्याचा एकच अर्थ एकमुखाने सांगण्यात आला : उद्या सुट्टी.

हे सगळे थट्टेवारी नेण्यासारखे राहत नाही, ते पाणी चढत असताना येणाऱ्या एका वाक्यामुळे : 'पाणी पातळीतील वाढ मंदावली.' लिहिणारा वेगाबद्दल बोलत असतो, वाचणारा पुराबद्दल समजतो. काल तासाला चार इंच चढत होते, आज एक इंच चढते आहे. वेग खरोखरच पावपट झाला. पण तासाला एक इंच म्हणजे दिवसाला दोन फूट. घरातल्या जमिनीवर दोन फूट पाणी म्हणजे धान्याची खालची पोती गेली. शिवाय वेग कमी होण्याचे एक कारण असे की नदी पात्र सोडून शेतांत पसरलेली असते. ताटलीत पाणी ओतले तर पेल्यापेक्षा पातळी हळू चढते, ओतणे कमी झाले म्हणून नव्हे. पुढे नृसिंहवाडीला कृष्णा भरून वाहत असली तर पंचगंगेचे पाणी मागे फुगते, आणि मग पातळी 'स्थिर' होते. ५३ फुटांवर स्थिर असलेल्या पाण्यात काय दिलासा आहे? पण 'स्थिर' हा शब्द आपण रुग्णाबद्दल ऐकलेला असतो, डॉक्टरांच्या तोंडून, आणि तेव्हा सुटकेचा श्वास सोडलेला असतो. वेग आणि राशी यांतला फरक आपण नववीला गतीच्या प्रकरणात शिकवतो. मंदावलेली गाडी मागे जात नाही, पुढेच जाते, हे कोणालाही कळते. पाण्याबद्दल ते कळत नाही, कारण तिथे आपल्याला ते ओसरायला हवे असते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणखी एका शब्दाने घात केला. तो निवेदनात नव्हता, लोकांच्या तोंडी होता : 'पाचचा पूर'. २००५ च्या पावसाळ्यात आलेल्या पाण्याची खूण भिंतींवर होती, आणि 'पाचला इथवर आलं होतं, त्याच्या वर काय येत नाही' असे म्हणून अनेक घरांतली माणसे वरच्या मजल्यावर थांबली. २०१९ चे पाणी त्या खुणेवर थांबले नाही. बंधाऱ्यावरची पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला, आणि मग बोटी आल्या. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पातळीने पुन्हा पन्नाशी ओलांडली. भिंतीवरच्या रेघेचाही दोन तऱ्हांनी अर्थ लावता येतो : पाणी इथपर्यंत येऊ शकते, किंवा पाणी इथपर्यंतच येऊ शकते. एका 'च'चा फरक, आणि तो रेघेवर लिहिलेला नसतो.

हे आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेत नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्स या गावाला १९९७ च्या वसंतात रेड नदीची पातळी ४९ फुटांपर्यंत जाईल असा अंदाज देण्यात आला होता. गावाने १९७९ चा जवळजवळ तेवढाच पूर पचवलेला होता. अंदाज हा अंदाज असतो, त्याला वर-खाली काही फुटांची सूट धरावी लागते, हे अंदाज देणारे जाणून होते. गावाने मात्र ४९ हा आकडा छत म्हणून वाचला आणि त्याहून थोडे वर बांध घातले. पाणी ५४ फुटांच्या वर गेले. त्या पुराची नंतर जी चिकित्सा झाली तिच्यात मुख्य प्रश्न गणित किती चुकले हा नव्हता, तर एवढी चूक होऊ शकते हे कोणी कोणाला का सांगितले नाही, हा होता.

'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' हाही असाच शब्दप्रयोग. ऐकणारा समजतो की एकदा येऊन गेला, आता नातवंडांच्या वेळी. गणिताला एवढेच म्हणायचे असते की दर वर्षी शंभरात एक. तीस वर्षे घरात राहणाऱ्याला तो गाठण्याची संभाव्यता मग शंभरात सुमारे सव्वीस होते : ०.९९ चा तीस वेळा गुणाकार करा आणि एकातून वजा करा. आणि हाही हिशेब सगळी वर्षे सारखीच आहेत असे गृहीत धरून.

एक गोष्ट मात्र निवेदनाच्या बाजूने बोलली पाहिजे. वाचक एक नसतो, तेव्हा अर्थही एक राहणार नाही, हे काही प्रमाणात अटळ आहे. नृसिंहवाडीला दत्तमंदिरात पाणी उत्तरेच्या दाराने शिरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडू लागले की दक्षिणद्वार सोहळा होतो, भाविक स्नानाला लोटतात. तीच पातळी शेजारच्या गावाला गोठा रिकामा करण्याची खूण असते. 'अलमट्टीचा विसर्ग वाढवला' ऐकून इकडे सांगली-कोल्हापुरात हायसे वाटते, तर धरणाखालच्या रायचूरकडच्या गावांना तोच इशारा असतो. दोन्ही वाचने बरोबरच. शिवाजी पुलाच्या खांबांवरच्या खुणेला पाणी पोचले की आमचे जुने लोक 'मच्छिंद्री झाली' म्हणतात. त्यात फूट नाहीत, इंच नाहीत, पण ऐकणाऱ्याला पुढे काय करायचे ते कळते. जे ऐकून पाय उचलतो, असा शब्द निवेदनात एकही नाही.

कारण शेवटची ओळ आहे : 'नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.' परीक्षक म्हणून मी सर्वांत कमी गुण या ओळीला देईन. नदीकाठचा कोण? नदीपासून दीड किलोमीटरवर, पण नाल्यालगत राहणारा स्वतःला नदीकाठचा समजत नाही. पाणी मात्र जयंती नाल्यातून उलटे चढत त्याच्या दारात येते. आणि सतर्क राहणे म्हणजे काय करणे? जनावरे सोडायची, की गाठोडे बांधायचे, की नुसते जागे राहायचे? पूर्वी गावात दवंडी पिटायचे. तिच्यात गल्लीचे नाव असे, वेळ असे आणि कुठे जायचे ते असे. दवंडीवाल्याला क्युसेक माहीत नव्हते. त्याची भाषा मात्र नेमकी होती, कारण ज्यांना सांगायचे ती माणसे त्याच्या समोर उभी असत.

मराठीच्या तासाला आपण श्लेष शिकवतो. एका शब्दातून दोन अर्थ निघाले की तो अलंकार, आणि उदाहरण दिले की परीक्षेत गुण. पुढच्या तासाला विज्ञानाच्या शिक्षकाने तोच फळा न पुसता विचारावे की पुराच्या निवेदनात किती श्लेष सापडतात. मी हे दोन पावसाळे करून पाहिले. मुलांना शब्द पकडण्याची चटक लागते, आणि ती घरी जाऊन आजी-आजोबांना छळू लागतात. त्यातून दुसरेच काम सुरू झाले, ते मी ठरवलेले नव्हते. प्रत्येकाने आपल्या घरासाठी निवेदनाचे भाषांतर करायचे : मराठीतून मराठीत. बंधाऱ्यावर किती फूट असताना गल्लीच्या तोंडाशी पाणी येते, किती असताना आपली पायरी भिजते, त्याआधी किती तास हातात असतात, आणि बाहेर पडायचा रस्ता कोणता. आकडा पक्का नसतो. नाल्याचे पाणी, खालची कृष्णा, शहरातला पाऊस, यांमुळे एखाददुसरा फूट इकडेतिकडे होतो, म्हणून मुले एक आकडा न लिहिता 'अमुक ते अमुक' असे लिहितात. हे त्यांना सांगावे लागले नाही. दोन शेजाऱ्यांनी दोन वेगळे आकडे सांगितल्यावर त्यांनीच ते ठरवले.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाने आपल्या घराचा तक्ता वहीच्या पुठ्ठ्यावर केला आहे. पहिल्या रकान्यात बंधाऱ्याचे फूट, दुसऱ्यात घरातली खूण : उंबरा, चुलीचा कट्टा, देवघराची फळी, माळा. माळ्यासमोरचा रकाना त्याने मोकळा सोडला होता. का, म्हणून विचारले तर म्हणाला, "सर, तवा आम्ही घरात नव्हतो. बघितलं कुणी?"